मराठी कादंबरी लंडनच्या एजंटाकडे पाठवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक २०२२ मध्ये हिंदीतून आणि २०२५ मध्ये कन्नडमधून अनुवादित झालेल्या पुस्तकाला मिळाले. तेव्हापासून ‘मराठीचा नंबर कधी?’ हा प्रश्न साहित्यिक कार्यक्रमांत हटकून निघतो आणि चर्चा मराठी साहित्याच्या दर्जाकडे वळते. दर्जाचा प्रश्न फार पुढचा आहे. पारितोषिकाचा नियम असा की पुस्तक इंग्रजी अनुवादात ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेले हवे आणि ते तिथल्या प्रकाशकानेच पाठवायला हवे. लेखकाला किंवा साहित्य संस्थेला ते पाठवता येत नाही. तेव्हा आधी विचारायला हवे ते हे, की मराठी पुस्तक तिथल्या प्रकाशकाच्या टेबलावर पोचते कसे? लंडन-न्यूयॉर्कच्या बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्था एजंटाशिवाय, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणाऱ्या मध्यस्थाशिवाय, आलेले हस्तलिखित वाचत नाहीत. दोन्ही विजेती पुस्तके छोट्या स्वतंत्र प्रकाशकांनी काढली होती, हेही सांगितले पाहिजे. अशा काही संस्था अनुवादकाकडून थेट नमुने घेतात. पण त्यांची यादी वर्षाकाठी मोजक्या पुस्तकांची असते. त्यापलीकडे जायचे तर एजंटाला पटवावे लागते, आणि हे काम कसे करायचे याची माहिती मराठीत जवळपास मिळत नाही. म्हणून हे पत्र. इंग्रजीतच लिहिणाऱ्या मराठी तरुणांनाही यातले बहुतेक लागू पडेल.

आपल्याकडे ‘एजंट’ म्हटले की आरटीओबाहेरचा माणूस आठवतो आणि खिशाकडे हात जातो. साहित्यिक एजंटाचे गणित नेमके उलटे आहे. लंडनमध्ये ए. पी. वॉट याने १८७० च्या दशकात हा धंदा उभा केला तेव्हापासून तत्त्व एकच: पुस्तक विकले गेले तर त्या पैशांतून कमिशन, नाही विकले तर काही नाही. वॉट १० टक्के घेई; आज देशांतर्गत व्यवहारावर १५ टक्के आणि परदेशी किंवा भाषांतराच्या हक्कांवर, जिथे दुसरा उपएजंट मध्ये असतो, साधारण २० टक्के असा दर रूढ आहे. वाचनाची फी, नोंदणी फी, ‘प्रोसेसिंग’ असे काही नसते. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत वाचनाची फी घेण्याला मनाई आहे. लेखकाकडून आधी पैसे मागणारा माणूस स्वतःला काहीही म्हणवो, तो एजंट नाही.

पत्र लिहायला बसण्याआधी एक काम मराठीतच उरकावे लागते, आणि सगळ्यात जास्त गाडी तिथेच अडते. अनुवादाचा हक्क तुमच्याकडे आहे का? कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार अनुवाद हा मूळ प्रकाशनापेक्षा वेगळा हक्क आहे. कलम १९ सांगते की हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे त्यात यावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर त्या हक्कापुरते हस्तांतरण संपुष्टात येते. जुने करारपत्र कपाटातून काढून या चार गोष्टी पाहाव्यात. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे मोघम वाक्य असेल तर वाद घालत बसण्यापेक्षा प्रकाशकाकडून दोन ओळींचे पत्र घ्यावे, की इंग्रजी अनुवादाचे हक्क लेखकाकडे आहेत. बहुतेक प्रकाशक ते आनंदाने देतात, विचारलेलेच नसते. लेखक हयात नसेल तर निधनानंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात. अशा वेळी सर्व वारसांच्या सह्यांनी एकाला व्यवहाराचे अधिकारपत्र दिलेले हवे. एजंटाने होकार दिल्यावर धाकट्या भावाची हरकत निघाली की व्यवहार तिथेच मरतो.

दुसरी गाठ भारतातल्या इंग्रजी प्रकाशनाची. दिल्लीतल्या प्रकाशकाने अनुवाद काढायचे ठरवले की हरखून जाऊन लेखक ‘जगभरातील इंग्रजी हक्क’ या ओळीवर सही करतो. मग लंडनच्या एजंटाकडे विकायला काय उरले? जमेल तिथे ‘फक्त भारतीय उपखंड’ असे लिहून घ्यावे. जगभराचे हक्क द्यावेच लागले तर परदेशी विक्रीतला लेखक-अनुवादकाचा वाटा आणि अमुक वर्षांत परदेशी विक्री झाली नाही तर ते हक्क परत, ही दोन कलमे घालून घ्यावीत. भारतातही जयपूर-दिल्लीत साहित्यिक एजन्सी आहेत आणि त्यांतल्या काही अनुवादाचेही काम करतात. मात्र इथल्या काही मोठ्या इंग्रजी संस्था थेट आलेले प्रस्ताव पाहतात, त्यामुळे भारतापुरते प्रकाशन हवे असेल तर एजंट अनिवार्य नाही.

आता साहित्य. इंग्रजीत स्वतः लिहिलेली कादंबरी असेल तर ती पूर्ण, दोन-तीनदा फेरलेखन झालेली हवी. अर्ध्या कादंबरीवर क्वेरी, म्हणजे एजंटाला पुस्तक सुचवणारे पत्र, पाठवायची नसते. (कथेतर पुस्तकाचे वेगळे: तिथे प्रस्ताव, प्रकरणवार आराखडा आणि एक-दोन नमुना प्रकरणे यांवर पुस्तक लिहिण्याआधीच करार होऊ शकतो.) अनुवादाच्या बाबतीत मूळ पुस्तक पूर्ण असतेच, म्हणून ५ ते १० हजार शब्दांचा उत्तम इंग्रजी नमुना सहसा पुरतो. नमुना सुरुवातीपासूनचा द्यावा. मधला ‘सगळ्यात गाजलेला’ प्रसंग तोडून दिला की वाचणाऱ्याला पात्रे कळत नाहीत. लांबी इंग्रजी शब्दांत मोजायची, पानांत नाही. ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ या एका मराठी शब्दाचे इंग्रजीत पाच शब्द होतात, त्यामुळे अनुवादाची शब्दसंख्या मूळापेक्षा बरीच फुगते. प्रौढांसाठीच्या कादंबरीला ८० हजार ते एक लाख शब्द सोयीचे मानतात; पहिल्याच पुस्तकाला दीड लाखाचा आकडा दिसला की अनेक जण पुढे वाचतच नाहीत. त्यांना कागदाचा आणि संपादनाचा खर्च दिसतो, आणि लेखकाने हात आखडला नाही अशी शंकाही येते.

एक बारीक पण त्रासदायक गोष्ट: मूळ मराठी मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणून, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालून ठेवावा. परदेशी प्रकाशक मूळ मजकूर मराठी जाणणाऱ्या वाचकाकडे मतासाठी पाठवतात. त्याच्या संगणकावर नुसती चिन्हांची रांगोळी उमटली तर मत कशावर देणार?

क्वेरी म्हणजे एका पानाचे, २५० ते ३५० शब्दांचे व्यावसायिक पत्र. त्यात चार गोष्टी लागतात: याच एजंटाला का लिहिले ते एका वाक्यात, पुस्तकाचे नाव, प्रकार आणि शब्दसंख्या, कथेची ओढ लावणारे दीडशे शब्द, आणि लेखक-अनुवादकाची दोन-तीन ओळींची ओळख. पत्र जिंकते किंवा हरते ते त्या दीडशे शब्दांत. आपल्याकडे ब्लर्ब (मलपृष्ठावरचा मजकूर) लिहिण्याची जी सवय आहे ती इथे आडवी येते. ‘ही कादंबरी ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रीच्या शोषणाचे दाहक वास्तव मांडते’ हे वाक्य शंभर कादंबऱ्यांना चालेल, म्हणून ते कुठल्याच कादंबरीचे नाही. त्याऐवजी एक कल्पित उदाहरण घ्या. ऊसतोडीला गेलेली उषा आणि तिचा नवरा मिळून मुकादमाच्या वहीत एक ‘कोयता’. हंगामाची उचल घरात खर्च झालेली, आणि दुसऱ्याच महिन्यात नवरा ट्रॅक्टरखाली सापडतो. अर्धा कोयता मुकादमाला नको, पण उचल फिटल्याशिवाय तो तिला गावीही जाऊ देत नाही. तिने दिराबरोबर जोडी लावून कोयता पुरा करायचा, की कारखान्याच्या गेटवर जाऊन तोंड उघडायचे, ज्यानंतर टोळीतल्या कुणालाच पुढच्या हंगामात काम मिळणार नाही? माणूस कोण, त्याला काय हवे, आड काय येते आणि चुकले तर काय गमावेल, हे सगळे यात आले. ‘शोषण’ हा शब्द वापरावा लागला नाही. शेवट मात्र क्वेरीत सांगायचा नसतो.

शेवट सांगायचा तो सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे कथासारात, आणि तिथे तो सांगावाच लागतो. एक पान, सुमारे ५०० शब्द, वर्तमानकाळ, मोजकी चार-पाच पात्रे, घटना कार्यकारणभावाने जोडलेल्या. ‘पुढे काय होते ते कादंबरीतच वाचावे’ असे लिहिलेला सिनॉप्सिस निरुपयोगी ठरतो. कथानकाचा डोलारा शेवटपर्यंत टिकतो की नाही, हे पाहण्यासाठीच तर एजंट तो मागतो.

याखेरीज क्वेरीत तुलनेसाठी गेल्या तीन ते पाच वर्षांत इंग्रजी बाजारात आलेली दोन पुस्तके द्यावी लागतात. नोबेलविजेत्याचे नाव किंवा शतकापूर्वीचा अभिजात ग्रंथ देऊ नये. एजंटाला यातून पुस्तकाची थोरवी मोजायची नसते. हे पुस्तक दुकानात कोणत्या पुस्तकांशेजारी उभे राहील आणि कोणता संपादक ते घेईल, एवढेच त्याला ठरवायचे असते.

क्वेरीतल्या ओळखीच्या ओळींत साहित्य अकादमीचा उल्लेख असेल तर ‘भारताची राष्ट्रीय साहित्य संस्था’ असे अर्ध्या वाक्यात स्पष्ट करावे. जिल्हा पातळीवरचे बारा पुरस्कार, सत्काराचे फोटो, कात्रणांचे स्कॅन, मान्यवरांची अभिप्रायपत्रे जोडू नयेत. अनोळखी पत्त्यावरून आलेली अटॅचमेंट अमेरिकेत अनेक एजंट उघडतच नाहीत; तिथे पहिली ५ ते १० पाने ईमेलच्या मजकुरातच चिकटवायची किंवा क्वेरीमॅनेजर नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. ब्रिटनमध्ये बहुधा पत्र, सिनॉप्सिस आणि पहिली तीन प्रकरणे किंवा सुमारे १० हजार शब्द मागतात. वर्ड फाइल, १२ पॉइंटचा साधा टाइप, दुप्पट ओळ-अंतर, पृष्ठक्रमांक. प्रत्येक एजंटाच्या संकेतस्थळावर त्याचे स्वतःचे नियम असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. दहा मिनिटे खर्च करून ते वाचावेत. पत्रात आदरार्थी पाल्हाळ आणि ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत’ छापाची विनवणी नको. नाव घेऊन, बरोबरीच्या नात्याने लिहावे. अनुवाद यंत्राकडून करून घेतला आहे का, असेही हल्ली अनेक जण विचारतात. खरे उत्तर द्यावे, आणि यंत्राचा मसुदा नमुना म्हणून पाठवूच नये. संवाद आला की त्याची भाषा उघडी पडते.

एजंट शोधायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आपल्या पुस्तकाच्या जवळ जाणाऱ्या इंग्रजी पुस्तकांचे ऋणनिर्देशाचे पान. लेखक आणि अनुवादक तिथे एजंटाचे आभार मानतात. ब्रिटनमधील ‘असोसिएशन ऑफ ऑथर्स एजंट्स’ ही १९७४ पासूनची संघटना आपल्या सदस्य एजन्सींची यादी देते. क्वेरीट्रॅकरसारख्या संकेतस्थळांवर कोण सध्या पत्रे घेत आहे ते कळते. अनुवादित पुस्तकांचे हक्क खरोखर विकलेल्या एजंटांचीच नावे निवडावीत. बहुतेक जण अनुवादाला हातच घालत नाहीत. त्यांना पाठवलेले पत्र वाया जाते.

यादी ३०-४० नावांची करावी, पण एका वेळी ६ ते ८ जणांनाच पाठवावे, प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल. सगळ्यांचे पत्ते एकाच ईमेलमध्ये टाकून पाठवलेले पत्र कोणीही वाचत नाही. एका एजन्सीत एका वेळी एकालाच लिहावे. कुणाला, कधी, काय पाठवले आणि काय उत्तर आले याचा तक्ता ठेवावा. उत्तराला ६ ते १२ आठवडे लागतात; कित्येक जण नकार कळवतच नाहीत आणि तसे संकेतस्थळावर लिहून ठेवतात. मार्चच्या सुमाराचा लंडन पुस्तकमेळा आणि ऑक्टोबरातला फ्रँकफर्टचा मेळा, या दिवसांत वाचन थंडावते. दर चार दिवसांनी आठवण करून देऊ नये.

थोड्या थोड्या जणांना पाठवण्याचे कारण आता सांगतो, कारण ते कळले नाही तर सगळी यादी एका रात्रीत जळते. एकदा नकार दिलेल्या एजंटाकडे तेच पुस्तक सहसा पुन्हा नेता येत नाही. पहिल्या आठ पत्रांना एकही पुढची मागणी आली नाही तर दोष बहुधा पत्रात, शब्दसंख्येत किंवा एजंटांच्या निवडीत आहे. पुस्तक कुणी वाचलेलेच नाही. पत्र बदलावे आणि पुढच्या आठ जणांना पाठवावे. नमुना मागवला जातो पण त्यापुढे काही होत नाही, असे दोन-तीनदा झाले तर पहिली तीस पाने तपासावीत. मराठी कादंबरीत गावाचे, नदीचे, घराण्याचे सावकाश वर्णन करत आत शिरण्याची सुंदर रीत आहे. इंग्रजीत ती टिकवता येते, पण अनुवादकाने प्रत्येक शब्दाखाली खुलासा पेरला असेल तर ती कोसळते. ‘भाकरी, म्हणजे ज्वारीची जाडसर पोळी’ असे पात्राच्या तोंडी आले की तो संवाद राहत नाही. भाकरी भाकरीच ठेवावी. ताटातली कालवणात कुस्करली की वाचकाला कळते. पूर्ण पुस्तक वाचून नकार येत असतील आणि दोघा-तिघांनी एकच कारण दिले असेल, तर ते कारण खरे मानून पुस्तकावर काम करावे. ‘फेरलेखन करून पुन्हा दाखवा’ असे उत्तर आले तर ते मोलाचे असते. आठवडाभरात नव्हे, दोन-तीन महिने घेऊन उत्तर द्यावे.

होकार साधारण फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर येतो. त्याच क्षणी हो म्हणू नये. ज्यांच्याकडे पत्र किंवा पुस्तक आहे अशा बाकीच्यांना कळवून दोन आठवड्यांची मुदत मागावी. हा रिवाजच आहे, कुणाला राग येत नाही. तोवर विचारून घ्यावे: कोणत्या संपादकांना पाठवणार, किती बदल अपेक्षित आहेत, उपहक्क (भाषांतर, चित्रपट वगैरे) कोण पाहते, नाही विकले गेले तर पुढे काय. करारात कमिशनचे दर, ३० ते ६० दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडण्याची सोय आणि एजंटाच्या हाती पैसे आल्यावर किती दिवसांत तुमच्याकडे येतील, हे पाहावे. संबंध तुटला तरी त्याने केलेल्या व्यवहारांवरचे कमिशन त्याला मिळत राहते, हे न्याय्य आहे. पण एकाच पुस्तकाऐवजी तुमच्या पुढच्या सगळ्या लेखनावर हक्क सांगणारे वाक्य दिसले तर थांबावे. अनुवादकाशी वाटा किती, हे त्याच्याशी आधीच लेखी ठरलेले हवे. इथे मैत्रीखातर गप्प बसल्याने मैत्री आणि पुस्तक दोन्ही गेलेली आहेत.

पैशांचा अंदाज यावा म्हणून: १०,००० पौंडांचा अ‍ॅडव्हान्स ठरला तर तो एकरकमी येत नाही. सही, हस्तलिखित स्वीकृती, प्रकाशन असे तीन-चार हप्ते पडतात. १५ टक्क्यांनी १,५०० पौंड एजंटाचे. पुस्तक खपले नाही तरी अ‍ॅडव्हान्स परत द्यायचा नसतो. खपून तेवढी रॉयल्टी जमा झाली की पुढची सुरू होते. अमेरिकेतून पैसे येणार असतील तर पॅन क्रमांकासह डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म भरून द्यावा. हा फॉर्म नसेल तर ३० टक्के कर कापला जातो. फॉर्म दिला तर भारत-अमेरिका करारामुळे रॉयल्टीवरचा कर १५ टक्क्यांवर येतो आणि इथल्या विवरणपत्रात त्याचे श्रेय मागता येते.

आता फसवणुकीविषयी. सध्या प्रसिद्ध एजंटांच्या खऱ्या नावाने, पण फुकटच्या ईमेल पत्त्यांवरून लेखकांना पत्रे येतात. पुस्तकातले बारकावे यंत्राकडून काढून केलेली स्तुती, ‘मोठ्या प्रकाशकाला रस आहे’ हे आमिष, आणि मग संपादन, नोंदणी किंवा ‘हक्क संरक्षण’ यासाठी डॉलरमध्ये रक्कम. खरा एजंट अनोळखी लेखकाच्या मागे क्वचितच धावतो आणि पैसे कधीच मागत नाही. असे पत्र आले तर त्यालाच उत्तर न देता एजन्सीच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर विचारावे. १९९८ पासून चालणाऱ्या ‘रायटर बिवेअर’ या संकेतस्थळावर अशा प्रकारांची उदाहरणांसह नोंद असते. निवृत्तिवेतनातून पैसे भरणारे ज्येष्ठ लेखक यात सर्वांत आधी अडकतात. त्यांच्या मुलांनी आणि वाचनालयांतल्या मंडळींनी हे त्यांच्या कानावर घालावे, ही कळकळीची विनंती.

आपल्या वृत्तपत्रामार्फत प्रकाशक परिषदांना एक मागणी पोचवावीशी वाटते. छापील करारनाम्यात अनुवादाच्या हक्कासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा: भाषा, प्रदेश, मुदत, वाटा. आणि पुस्तक छपाईबाहेर गेल्यावर लेखकाने मागितले तर युनिकोडमधली फाइल त्याला द्यावी.

आपला,
अनुवाद आणि हक्कव्यवहाराचे काम करणारा एक वाचक, पुणे